टेकडीवर आणि गावच्या वाटेवर अनोळखी माणसाशी बोलायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात येऊन वर्ष झालं. रोज सकाळी वेताळ टेकडीवर चालायला जातो, सुट्टीच्या दिवशी मुळशी-मावळातल्या गावांकडच्या वाटा तुडवतो. शेकडो माणसं दिसतात, पण बोलणं काही सुरू होत नाही. "काय भाऊ, कसं काय?" म्हटलं की समोरचा दचकतो, नाहीतर तोंडदेखलं हसून पुढे जातो. चालता चालता बोलणं सुरू कसं करायचं, न्यायचं कुठवर, आणि थांबवायचं कसं?

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू. पुण्याची माणसं तुसडी आहेत म्हणून बोलत नाहीत असं नाही. (काही आहेत, पण ती टेकडीवर फारशी येत नाहीत; खाली गाडी लावण्यावरून भांडत असतात.) सकाळी वर येणाऱ्याचा वेळ मोजूनमापून काढलेला असतो. सहाला घर सोडायचं, साडेसातला परत, मग डबा, शाळेची बस, ऑफिस. "कसं काय?" हा प्रश्न त्याला थांबवणारा वाटतो. शिवाय तुमच्याकडे बोलण्यातून ओळख होते, इथे आधी चेहरा ओळखीचा व्हावा लागतो आणि मग तोंड उघडतं. तुमचे शब्द बरोबर आहेत, दिवस चुकलाय. पहिल्या भेटीत जे म्हणता ते इथे पंधराव्या दिवशी म्हणायचं असतं.

त्यामुळे सुरुवातीला तोंडापेक्षा पायांना काम द्या. वेळ आणि वाट पक्की करा. वेताळ टेकडीवर चढायला वाटा पुष्कळ आहेत: एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या बाजूने, गोखलेनगरकडून, चतुःशृंगीच्या अंगाने, पाषाणच्या पंचवटीकडून. आज इकडून, उद्या तिकडून असं केलंत तर वर्षभर चालूनही तुम्ही रोज नवखेच राहता. एकच वाट धरा, दहा मिनिटं मागेपुढे इतपत एकच वेळ धरा, आणि दोन आठवडे ती मोडू नका. टोपी किंवा जर्किनही शक्यतो तेच ठेवा. टेकडीवर माणसं नावाने ओळखली जात नाहीत, "लाल टोपीवाले", "काठीवाल्या आजी", "दोन कुत्री घेऊन येतो तो" अशी ओळखली जातात. तुमच्याही पाठीमागे असं एखादं नाव पडलं की निम्मं काम झालं.

या दोन-तीन आठवड्यांचा क्रम साधारण असा ठेवावा. पहिले तीन-चार दिवस नुसती नजर आणि मान. पाचव्या-सहाव्या दिवसापासून "नमस्कार". दुसऱ्या आठवड्यात एखादं वाक्य, तेही असं की ज्याला उत्तर दिलं नाही तरी चालेल. तिसऱ्या आठवड्यात पहिला प्रश्न. नाव सगळ्यात शेवटी. सहा-सहा महिने रोज बोलणाऱ्या माणसांना एकमेकांची नावं माहीत नसतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मधे दोन दिवस खाडा झाला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही. उलट "दोन दिवस दिसला नाहीत" हे वाक्य समोरून आलं, तर ते आमंत्रणच समजायचं.

आता अंतराचं गणित बघू. चालताना बोलण्यात जे बिघडतं ते बहुतेक वेळा शब्दांमुळे नाही, अंतर आणि वेग चुकल्यामुळे बिघडतं. समजा तुम्ही ताशी ५ किलोमीटरने चालताय आणि समोरून येणाराही तेवढ्याच वेगाने येतोय. म्हणजे तुमच्यामधलं अंतर दर सेकंदाला पावणेतीन मीटरने कमी होतंय. १५ मीटरवर नजरानजर झाली तर शेजारून जाईपर्यंत जेमतेम साडेपाच सेकंद मिळतात. या साडेपाच सेकंदांत काय करायचं? १५ मीटरवर एकदा बघा आणि नजर वाटेकडे वळवा. टक लावून बघत येणारा माणूस कुणालाच आवडत नाही. चार-पाच मीटर उरले की पुन्हा बघा, मान हलवा आणि "नमस्कार" म्हणा. दीड-दोन सेकंद उरतात, तेवढ्यात तिकडूनही "नमस्कार" येतो आणि दोघे आपापल्या वाटेने पुढे. हेच १० मीटरवरून म्हटलंत तर उरलेले साडेतीन सेकंद दोघांनाही कसनुसं हसत काढावे लागतात. अगदी खेटून जाताना म्हटलंत तर समोरच्याला मागे वळून उत्तर द्यावं लागतं, आणि दचकणं होतं ते इथेच.

एकाच दिशेने चालणाऱ्याशी बोलणं जास्त अवघड. तुमचा वेग साडेपाच आणि पुढच्याचा पाच असेल तर मिनिटाला तुम्ही आठ मीटरच जवळ येता. म्हणजे मिनिटभर तरी त्याच्या पाठीला लागल्यासारखे चालत राहता, आणि ती जाणीव त्याला होत असते. एक तर वेग वाढवून सरळ पुढे निघा, नाहीतर मुद्दाम मागे पडा. ओलांडताना दीड हात बाजूने जा, जाण्याआधी पावलांचा आवाज होऊ द्या, बरोबरीला आल्यावर काय ते बोला आणि दोन-तीन पावलं पुढे जा. उत्तर आलं आणि त्याच्यामागे आणखी एक वाक्य आलं, तर पाय हळू करा. नुसतं "हं" आलं तर पाय तसेच चालू द्या. वेग कमी करायचा निर्णय पुढच्याच्या वाक्यावर सोडायचा, आपल्या हौसेवर नाही.

गोल फेऱ्यांच्या जागी गंमत वेगळी असते. मुंबईत शिवाजी पार्कचा फेरा साधारण १.२ किलोमीटरचा, म्हणजे एका फेरीला १४ मिनिटं. सगळ्यांबरोबर एकाच दिशेने, सारख्याच वेगाने फिरलात तर वर्षानुवर्षं तीच चार डोकी मागून बघाल. उलट्या दिशेने फिरलात तर प्रत्येक चेहरा दर सात मिनिटांनी समोर येतो. जिथे दिशेचा नियम नाही तिथे पहिला आठवडा उलटं फिरावं, ओळखी झाल्या की मग सुलट. मात्र एका सकाळी त्याच माणसाला चार वेळा नमस्कार करायचा नसतो. पहिल्या फेरीला शब्द, दुसरीला मान, तिसरीपासून काही नाही. चारशे मीटरच्या ट्रॅकवर तर दर दोन-अडीच मिनिटांनी गाठ पडते, तिथे हे जपलं नाही तर लोक तुम्हाला बघून मोबाईल बाहेर काढतात.

चढावर बोलू नका. झपाझप चालताना माणसाला बोलता येतं पण गाता येत नाही. चढाला लागला की बोलताही येत नाही, एक-एक शब्द श्वासामागून येतो. तेव्हा प्रश्न विचारला तर तो त्याला शिक्षाच वाटते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना कुणी कुणाशी बोलत नाही. बोलणी होतात ती वर, कठड्यापाशी, दम खाताना आणि उतरताना. वेताळ टेकडीवर देवळापाशी आणि जुन्या दगडखाणीच्या काठावर माणसं आपणहून थांबतात. थांबलेल्या माणसाशी बोलणं चालत्या माणसापेक्षा दसपट सोपं, फक्त तो पाणी पिऊन होईपर्यंत थांबा. टेकडीच्या किंवा बागेच्या बाहेर कारलं, दुधी, आवळा, गव्हांकुराचा रस विकणारी गाडी असते, ती तर सर्वांत उत्तम. ग्लास संपेपर्यंत तीन-चार मिनिटं माणूस हलत नाही, हातात मोबाईल नसतो, आणि कारल्याच्या रसाने सगळ्यांची तोंडं सारखीच वाकडी झालेली असतात.

उजेडाचं भान ठेवा. जानेवारीत पुण्यात सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो, जूनमध्ये सहाच्या सुमाराला. म्हणजे सकाळची सहाची वेळ उन्हाळ्यात गप्पांची, तर थंडीत मिट्ट काळोखाची. अंधारात अनोळखी माणसाला नमस्कारसुद्धा करू नये, फार तर टॉर्च खाली धरून बाजूने निघून जावं.

बोलायचं काय, याची लोक उगाच फार धास्ती घेतात. पहिलं वाक्य जितकं साधं तितकं बरं. दोघांच्याही डोळ्यांसमोर असलेली गोष्ट घ्या, तिच्याबद्दल एक वाक्य बोला आणि थांबा. "आज गारठा जास्तच आहे." "पळस लागला बघा त्या उतारावर." फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, त्याच्या आगेमागे गिरिपुष्पाचा गुलाबी बहर, एप्रिल-मेमध्ये बहावा, टेकडी तुम्हाला वर्षभर विषय पुरवते. सगळ्यांत खात्रीचा प्रश्न म्हणजे, "आज मोर दिसला का?" त्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर पुरतं, माणसाबद्दल त्यात काही विचारलेलं नसतं, आणि मोर दिसलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. संवाद साधारण असा होतो:

"आज मोर दिसला का?"
"खाणीपलीकडे ओरडत होता. दिसला नाही."
"अच्छा. मी तिकडूनच उतरणार आहे."
"मग डाव्या वाटेनं जा. उजवीकडे काल साप होता."
"बरं झालं सांगितलंत. येतो."

एवढंच, जेमतेम वीस सेकंद. यात नाव नाही, गाव नाही. पण उद्या तोच माणूस समोरून येताना आपणहून विचारतो, "काय, मोर?" नवशिक्यांची नेमकी चूक इथे होते. "उजवीकडे काल साप होता" यावर ते पुढचे चार प्रश्न विचारतात. कुठला साप, केवढा, चावला का कुणाला, वनखात्याला कळवलं का. सापाचा विषय चांगला आहे, म्हणूनच तो उद्यासाठी ठेवायचा.

ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे ते विचारू नये. रोज त्याच वाटेने येऊन "ही वाट कुठे जाते हो?" विचारलं तर समोरच्याला लगेच कळतं. टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा या वादग्रस्त रस्त्याचा विषयही इथे कुणाला शांतपणे बोलता येत नाही. लोक भरभरून बोलतात, पण ते बोलणं ओळखीचं राहत नाही, सभेचं होतं. महिनाभर तरी ऐकून घ्या.

पहिल्या पंधरा दिवसांत विचारू नयेत असे प्रश्न: कुठे राहता, कुठे असता नोकरीला, मुलं किती, भाडं किती देता. आपल्याकडे हे सर्रास विचारतात हे खरं. पण बागेत आणि टेकडीवर ओळख वाढवून विमा, प्लॉट आणि वजन कमी करायची पावडर विकणारी माणसं इतकी झाली आहेत की "आपण काय करता?" ऐकलं की समोरच्याच्या डोक्यात घंटा वाजते. व्हिजिटिंग कार्ड किंवा "आमच्या ग्रुपला ॲड करतो" हे तर पहिला महिनाभर तोंडातून निघू नये. "मूळचे कुठले?" हा प्रश्न मात्र मराठी माणसात चांगला चालतो, त्यातून गाव निघतं, नदी निघते, खाणं निघतं. तुम्ही नागपूरचे म्हटल्यावर सांबारवडी आणि उन्हाळा निघणारच. पण समोरचा हिंदीत बोलत असेल तर हाच प्रश्न त्याला "इथे कशाला आलात?" असा ऐकू येऊ शकतो. त्याला "टेकडीवर किती वर्षांपासून येता?" हे विचारा.

आडनावाचंही तसंच. आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे बहुतेकदा जात विचारणं असतं, आणि दोघांनाही ते माहीत असतं. स्वतःहून विचारू नका. तुम्हाला कुणी "पूर्ण नाव?" विचारलं आणि सांगायचं नसेल, तर नावाऐवजी तालुका सांगा: "आम्ही काटोलकडचे." संत्र्यावर गाडी जाते आणि आडनाव मागे राहतं. नमस्काराची तऱ्हा समोरून येईल तशी घ्या. "राम राम", "जय भीम", "राम कृष्ण हरी", "गुड मॉर्निंग", जे येईल ते त्याच सुरात परत करा, नाहीतर "नमस्कार" सगळीकडे चालतो. चेहऱ्यावरून, कपड्यांवरून अंदाज बांधून आपणच एखादा घोष ठोकून देऊ नये.

हाक कशी मारायची यात पुण्यात फसगत होते. "भाऊ" तुमच्याकडे सगळ्यांना चालतं. इथे साठीच्या गृहस्थाला ते खटकतं आणि पंचविशीतल्या मुलाला रिक्षावाल्याला हाक मारल्यासारखं वाटतं. "अहो" सर्वांत निर्धोक. पिकल्या केसांना "काका". बाईमाणसाला "काकू" म्हणण्याआधी तीनदा विचार करा; चाळिशीतल्या बाईला पस्तिशीतल्या माणसाने "काकू" म्हटलं की संभाषण तिथेच संपतं. "ताई" म्हणा, सत्तरीपर्यंत चालतं. झाडणाऱ्या बाईंना सवयीने "मावशी" आणि इतरांना "मॅडम" म्हणतो आपण, तेवढा फरक त्यांनाही कळतो. त्यांनाही ताईच म्हणा. पहारेकरी, माळी आणि झाडलोट करणाऱ्यांना रोज नमस्कार करणारा माणूस आठवड्यात सगळ्यांच्या ओळखीचा होतो, कारण टेकडीवरचं सगळं त्यांनाच ठाऊक असतं आणि तुमच्याबद्दल कुणी विचारलं तर उत्तरही तेच देतात.

कुणाशी बोलू नये हेही दिसतं. दोन्ही कानांत इअरफोन, ओठ हलताहेत आणि हातात जपमाळ, प्राणायामाला बसलेला माणूस, घड्याळाकडे बघत पळणारा. एक इअरफोन काढून ठेवलेला माणूस बोलायला राजी असतो. कुत्रा असेल तर आधी माणसाशी बोला, मग कुत्र्याशी: "हात लावला तर चालेल का?" नाव विचारा, जात आणि किंमत विचारू नका. आणि फारच संकोच वाटत असेल तर हास्यक्लब गाठा. १९९५ साली मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन सुरू केलेला हा प्रकार आता गावोगावच्या बागांत आहे. कडेला दोन मिनिटं उभे राहिलात तरी कुणीतरी "या, आत या" म्हणून हाताने ओढतंच. एरवी जे पंधरा दिवसांत होतं ते तिथे पंधरा मिनिटांत होतं. हसणं खोटं असतं, पण नंतरचा चहा खरा असतो.

एकट्या बाईशी बोलण्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तुम्ही पुरुष आहात आणि तुमचा हेतू तुमच्या कपाळावर लिहिलेला नाही. मागून येणाऱ्या माणसाने बोलू नये. निर्मनुष्य टप्प्यावर बोलू नये. उघड्या माळावर, चार माणसं दिसताहेत अशा ठिकाणी फार तर नमस्कार. तिच्या वेगाशी वेग जुळवू नये. प्रश्न विचारू नये, वाक्य बोलावं. आणि "रोज याच वेळी येता का?" हे तर कधीच म्हणू नये. पुरुषाला तो साधा प्रश्न वाटतो, बाईला तो पाळत ठेवल्यासारखा वाटतो. "उद्या याल?" हेही तसंच. ओळख व्हायचीच असेल तर ती घोळक्यातून, एखाद्या जोडप्याच्या ओळखीतून, रसाच्या गाडीवर होते. हे वाचणाऱ्या बायकांसाठीही एक: एखादा सोबत्यासारखा चिकटलाच, तर वेग वाढवण्यापेक्षा थांबणं चांगलं. थांबून बुटाची नाडी बांधायला घ्या, त्याला पुढे जावंच लागतं. थांबलाच तर जवळच्या घोळक्यात शिरा आणि मोठ्याने "अहो काका" म्हणा, काका ओळखीचे असोत नसोत. गरज पडली तर ११२.

आता गावाकडच्या वाटा. तिथे सगळं उलटं. टेकडीवर तुम्हाला आधी दिसायचं असतं आणि मग बोलायचं असतं; गावात न बोलता जाणारा माणूसच संशयित. शंभर पावलांवरून तुम्ही दिसलेले असता, आणि "हा कोण, कशाला आला?" हे सुरू झालेलं असतं. तेव्हा पहिला शब्द तुमचा हवा: "राम राम." मग थांबायचं. पुढचा प्रश्न हमखास येतो, "कुठलं पाव्हणं?" त्याला "पुण्याचा" हे अर्धंच उत्तर झालं. कुठून आलात, कुठे चाललात, परत कसे जाणार, हे तिन्ही एका दमात सांगा: "नागपूरचा, राहतो पुण्यात. सकाळच्या एसटीनं उतरलो, खिंडीतून पलीकडच्या गावात जातो, तिथनं संध्याकाळची गाडी." गावाला तुमचा हिशेब लागला की चेहरे सैल होतात.

वाट विचारण्याची एक रीत आहे, ती चुकली की चुकीच्या डोंगरावर पोचाल. "ही वाट खिंडीत जाते ना?" असं विचारलं की उत्तर "हो" येतं. पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं? त्याऐवजी "ही वाट कुठं जाते?" असं विचारा, म्हणजे त्याला नाव घ्यावंच लागतं. अंतराचंही तसंच. "जवळच हाय" याला अर्थ नाही. "तुम्ही किती वेळात जाता?" विचारा आणि जे सांगतील त्याच्या दीडपट ते दुप्पट धरा, डोक्यावर भारा नसेल तर ते तुमच्यापेक्षा वेगात चढतात. पुढे दुसऱ्या माणसाला पुन्हा तेच विचारा. दोन उत्तरं जुळली तर चला.

विषय पीकपाण्याचा, पण नेमका. मावळ-मुळशीत जुलैमध्ये "आवणी (भाताची लावणी) उरकली का?", दिवाळीनंतर "झोडणी (भाताची मळणी) झाली?" एवढं विचारलं की समोरचा तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. "किती एकर?" आणि "कितीला गेलं?" विचारू नका, जमिनीला गिऱ्हाईक म्हणून येणारी शहरी माणसं या तालुक्यांनी भरपूर पाहिली आहेत आणि तुम्ही त्यांतले नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर आहे. बांधावरून बोला, शेतात पाय टाकू नका. फोटोसाठी मोबाईल पहिली दहा मिनिटं खिशातच राहू द्या. पाणवठ्यावर बायका धुणं धूत असतील तर पुरुषाने थांबू नये, राम रामही नको. धनगराच्या वाड्याजवळ जाताना तीस-चाळीस फुटांवर थांबून हाक मारा, कारण त्याची कुत्री तुमचा नमस्कार ऐकून घेत नाहीत. "आज मेंढरं कुणाच्या रानात बसवली?" हा प्रश्न धनगराला आवडतो.

दुपारी बांधावर भाकरी सोडून बसलेली माणसं "या जेवायला" म्हणतातच. ती रीत आहे, तिला उत्तरही ठरलेलं आहे: "जेवा जेवा, सावकाश होऊ द्या." लगेच बसू नका. पण कुणी सरकून घोंगडीवर जागा केली आणि भाकरीचा चतकोर तुमच्यापुढे धरला, तर ते खरं आमंत्रण; मग नाही म्हणणं हा अपमान होतो. चतकोर घ्या, ठेचा जपून घ्या. चहाचंही असंच: दोनदा "कशाला, कशाला" म्हणायचं, तिसऱ्यांदा आग्रह झाला की "अर्धा कप" म्हणायचं. पूर्ण कपच येतो. पैसे देऊ करू नका. पिशवीत शेंगदाण्याची चिक्की किंवा फळं असतील तर पोरांच्या हातात द्या.

जमलं तर एकदा पालख्या पुण्यातून निघतात त्या दिवशी माउलींच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवडपर्यंत चाला. वाट लांब आहे, पण कुणाशी कसं बोलायचं हा प्रश्नच तिथे उरत नाही. लहान, थोर, बाई, पुरुष, पोलीस सगळे "माउली". "कितवी वारी, माउली?" एवढं विचारलं की पुढचा तासभर ऐकायचं काम. "दिंडी रथापुढची का मागची?" हे विचारलंत तर तुम्हाला जाणकार समजतील. फक्त अभंग चालू असताना बोलू नका, विसाव्याला बोला. आणि डोक्यावर तुळस घेऊन चाललेल्या बाईला फोटोसाठी थांबवू नका.

बोलणं संपवायचं ते तुम्ही, आणि लवकर. पहिल्या खऱ्या गप्पा दोन-तीन मिनिटांच्या पुरेत, म्हणजे चालत दोन-अडीचशे मीटर. फाटा येण्याची वाट बघा आणि फाट्यावर निरोप घ्या. "माझी एक फेरी राहिलीय", "मी जरा वेग वाढवतो" ही दोन्ही वाक्यं कुणाला लागत नाहीत. "जातो" म्हणू नका, "येतो" म्हणा. समोरचाच चिकटला आणि गुडघ्यावरचे सतरा उपाय सांगू लागला, तर बसायच्या जागेकडे वळा. चालण्यासाठी आलेला माणूस बसत नाही आणि बसण्यासाठी आलेला चालत नाही.

आणखी एक प्रसंग लक्षात ठेवा, कारण वर्षभरात तो तुमच्यावर येणारच. रोज दिसणारा माणूस महिनाभर दिसत नाही आणि मग एका सकाळी पुन्हा समोरून येतो, थोडा सावकाश. "कुठे गायब होतात?" असं दणकून विचारायचा मोह होतो. तो आवरा. आजारपण असेल, घरात काही झालं असेल, किंवा मुलाकडे अमेरिकेला जाऊन आला असेल. तुम्हाला माहीत नसतं. "बरेच दिवसांनी दिसलात" एवढंच म्हणा, आणि तुमची दिशा उलटी असली तरी वळून शंभर-दोनशे मीटर त्याच्या वेगाने त्याच्या बाजूने चाला. अमेरिकेला गेला असेल तर दहा पावलांत सांगेल. दुसरं काही असेल तर बराच वेळ काही बोलणार नाही; तेव्हा तुम्हीही बोलू नका, नुसते चालत राहा.